स्पायडर-मॅन २ (चित्रपट)

स्पायडर-मॅन २ हा ३० जून २००४ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेला इंग्रजी चित्रपट असून तो २००२ सालच्या स्पायडर-मॅन या चित्रपटाचा उत्तरभाग आहे. दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शन सॅम रेमी यांनी केले. टोबी मग्वायर (पीटर पार्कर), कर्स्टन डन्स्ट (मेरी जेन), जेम्स फ्रँको (हॅरी ऑसबॉर्न), आल्फ्रेड मोलिना (डॉ. ऑटो ऑक्टेव्हियस) आणि रोझमेरी हॅरिस (मे काकू) हे यातील प्रमुख कलावंत होत. गाजलेल्या चित्रपटाचा दुसरा भाग म्हणजे पहिल्याचीच पातळ केलेली आवृत्ती, असा सर्वसाधारण अनुभव असतो. त्याला ठळकपणे अपवाद ठरलेल्या चित्रपटांत स्पायडर-मॅन २ ची गणना होते.

पार्श्वभूमी

स्पायडर-मॅन हे पात्र लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको यांनी १९६२ साली मार्व्हल कॉमिक्ससाठी निर्माण केले. डॉक्टर ऑक्टोपस हा खलनायक १९६३ साली स्पायडर-मॅनच्या नियतकालिकात अवतरला. चित्रपटाचा गाभा मात्र १९६७ सालच्या पन्नासाव्या अंकातून आलेला आहे. त्या अंकात कंटाळलेला पीटर आपला पोशाख कचऱ्याच्या पिंपात टाकून चालू लागतो. जॉन रोमिटा यांनी रेखाटलेले ते चित्र चित्रपटात जवळजवळ जसेच्या तसे उभे केले आहे.

पहिल्या चित्रपटाची पटकथा डेव्हिड केप यांची होती. दुसऱ्याची कथा आल्फ्रेड गॉफ, माइल्स मिलर व कादंबरीकार मायकेल शेबन यांच्या नावे असून पटकथा आल्व्हिन सार्जंट यांची आहे. सार्जंट त्या वेळी सत्तरी ओलांडलेले होते आणि ज्युलिया व ऑर्डिनरी पीपल या चित्रपटांसाठी त्यांना ऑस्कर पुरस्कार मिळालेले होते. यांपैकी दुसऱ्या चित्रपटाचा विषय मुलाच्या मृत्यूने दुभंगलेले कुटुंब हा आहे. घरातले न बोललेले दुःख हाताळण्याची या लेखकाची सवय पुढे वर्णिलेल्या स्वयंपाकघरातील प्रसंगात उपयोगी पडलेली दिसते.

कथानक

पहिल्या भागानंतर दोन वर्षे लोटली आहेत. पीटर पिझ्झा पोहोचवण्याची नोकरी गमावतो, खोलीचे भाडे थकवतो, महाविद्यालयात मागे पडतो आणि मेरी जेनच्या नाटकाला वेळेवर पोहोचू शकत नाही. विधवा मे काकूंचे घर कर्जापायी हातचे जाण्याच्या बेतात आहे. ऑक्टेव्हियस हा अणुसंमीलनावर काम करणारा सज्जन शास्त्रज्ञ. प्रयोग फसतो, त्याची पत्नी मरण पावते आणि पाठीला जोडलेले चार यांत्रिक बाहू त्याच्या मनाचा ताबा घेतात. इकडे पीटरची शक्ती अधूनमधून दगा देऊ लागते व तो स्पायडर-मॅन होणेच सोडून देतो. शहर व मेरी जेन संकटात सापडल्यावर तो परततो. अखेरीस ऑक्टेव्हियसला स्वतःचे भान येते आणि आपले यंत्र नदीत बुडवताना तो प्राण देतो.

पहिल्या भागाशी तुलना

पहिल्या चित्रपटावर एक अटळ ओझे होते. कोळी चावणे, अंगी शक्ती येणे, बेन काकांचा खून, पोशाखाची तयारी हे सारे सांगण्यातच त्याचा बराचसा पूर्वार्ध खर्ची पडला आणि खलनायकाशी संघर्ष उरलेल्या वेळात उरकावा लागला. उत्तरभागाने हा भार अगदी सुरुवातीलाच उतरवून ठेवला. श्रेयनामावलीच्या मागे चित्रकार ॲलेक्स रॉस यांची चित्रे येतात आणि मागील कथा तेवढ्यात सांगून होते. वाचलेला वेळ लेखकाने माणसांसाठी वापरला आहे.

दुसरी सुधारणा खलनायकाची. पहिल्या भागात विलेम डफो हे समर्थ नट होते. आरशासमोर स्वतःशीच बोलण्याचा त्यांचा प्रसंग आजही पाहण्याजोगा आहे. पण ग्रीन गॉब्लिनचा कडक, न हलणारा मुखवटा चढला की तो चेहरा नाहीसा होई. नायकही मुखवट्यात, खलनायकही मुखवट्यात. मग अभिनय करायचा कोणी? ऑक्टेव्हियसचा चेहरा मात्र सदैव उघडा आहे. शिवाय तो प्रथम भेटतो तो पीटरला जेवायला घालणारा, पत्नीवर प्रेम करणारा गुरू म्हणून. त्यामुळे त्याचा अधःपात हा प्रेक्षकालाही तोटा वाटतो. त्याचे बाहू केवळ संगणकावर रंगवलेले नाहीत. अनेक दृश्यांत ते कळसूत्री पद्धतीने, प्रत्यक्ष माणसांनी हलवलेले आहेत, म्हणून त्यांना वजन आहे. रुग्णालयात हे बाहू शल्यचिकित्सकांवर तुटून पडतात त्या दृश्यात, एके काळी द ईव्हिल डेड हा भयपट काढणारे रेमी ओळखू येतात.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पहिल्या भागात जबाबदारी हे तत्त्व काकांच्या तोंडून सांगितले जाते; दुसऱ्या भागात तिची किंमत दिसते, आणि ती भाडे, नोकरी, परीक्षा व मैत्री अशा नाण्यांत मोजली जाते. सर्वांत मोठा हप्ता स्वयंपाकघरातील मेजाशी भरावा लागतो. बेन काकांच्या मृत्यूला आपण कसे कारणीभूत झालो, हे पीटर तेथे काकूंना सांगतो. पळून जाणाऱ्या ज्या चोराला त्याने रागाच्या भरात अडवले नव्हते, त्यामुळेच हा अनर्थ ओढवला होता. काकू रागावत नाहीत, रडतही नाहीत. त्या आपला हात सोडवून घेतात आणि वरच्या मजल्यावर निघून जातात. कोट्यवधींच्या दृश्यपरिणामांच्या या चित्रपटातील सर्वांत जिव्हारी लागणारा क्षण हा एवढाच आहे. पुढे त्या त्याला क्षमा करतात, पण ती तत्काळ मिळत नाही, हे विशेष.

धावत्या आगगाडीचा प्रसंग याच सूत्राचे भव्य रूप होय. न्यूयॉर्कमध्ये घडणाऱ्या या प्रसंगासाठी शिकागोतील उन्नत रेल्वेमार्गावर चित्रीकरण करण्यात आले. दोन्ही बाजूंच्या इमारतींना जाळी चिकटवून पीटर गाडी थांबवतो आणि बेशुद्ध पडतो. प्रवासी त्याला हातांवर झेलत डब्यात आणतात. मुखवटा नाहीसा झालेला असतो. हा तर पोरगा आहे, हे त्यांच्या ध्यानात येते आणि हे गुपित ते आपल्यापाशीच ठेवतात. पहिल्या भागातही न्यूयॉर्ककर नायकाच्या मदतीला धावतात, पण तेथे ते पुलावरून खलनायकावर वस्तू फेकतात. येथे ते त्याची काळजी घेतात.

उणिवा

उत्तरभाग सर्वच बाबतींत सरस आहे असे नाही. मेरी जेनला अखेरीस खलनायकाने पळवून नेणे ही पहिल्याच भागाची पुनरावृत्ती आहे आणि ते पात्र त्यामानाने दुबळे राहिले. छोट्या सूर्यासारखा पेटलेला गोळा नदीत बुडवून विझवणे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला पटण्यासारखे नाही. शक्ती गमावल्यानंतरच्या पीटरच्या सुखी दिवसांचे, एका जुन्या गाण्यावर रचलेले दृश्य काहींना रेंगाळणारे वाटते. त्याचा विनोद मात्र मुद्दाम केलेला आहे.

प्रतिसाद

निर्मितीस सुमारे २० कोटी डॉलर खर्च आला आणि जगभरातील उत्पन्न सुमारे ७९ कोटी डॉलर झाले. पहिल्या भागाचे उत्पन्न याहून अधिक, सुमारे ८२ कोटी डॉलर होते. म्हणजे तिकीटबारीच्या मोजमापाने उत्तरभाग मागेच राहिला. समीक्षकांचा कौल उलट पडला. पहिल्या भागाला चारपैकी अडीच तारे देणाऱ्या रॉजर ईबर्ट यांनी दुसऱ्याला पूर्ण चार दिले. पहिल्या चित्रपटाला ऑस्करची केवळ नामांकने लाभली होती. स्पायडर-मॅन २ ला सर्वोत्कृष्ट दृश्यपरिणामांचा ऑस्कर पुरस्कार मिळाला.

चित्रपट आला त्याच वर्षी भारतात स्पायडर-मॅन: इंडिया ही चित्रकथामालिका निघाली. तिचा नायक पवित्र प्रभाकर हा खेड्यातून मुंबईत शिकायला आलेला मुलगा आहे. रेमी यांचा तिसरा भाग २००७ साली प्रदर्शित झाला. त्यात खलनायकांची गर्दी झाल्याची टीका झाली. मोलिना यांनी २०२१ सालच्या स्पायडर-मॅन: नो वे होम या चित्रपटात ऑक्टेव्हियसची भूमिका पुन्हा साकारली.