‘सर्फ’ नेमका कुणाचा?

‘सर्फ’ म्हटलं की आमच्या अंबरनाथमध्ये आधी धुण्याची पावडर आठवते. इंग्रजीत तो समुद्राचा शब्द आहे. किनाऱ्याजवळ फुटणाऱ्या लाटा, फेस, गडगडाट, सगळं मिळून सर्फ. फुटणारी एक सुटी लाट म्हणजे ‘ब्रेकर’, आणि भर समुद्रातून येणारा न फुटलेला फुगवटा म्हणजे ‘स्वेल’. लाटेच्या उंचीच्या साधारण १.३ पट एवढीच खोली उरली, की माथा पुढे कलंडतो आणि लाट फुटते.

हा शब्द इंग्रजीत १६८० च्या दशकात दिसू लागतो, तोही भारताच्या किनाऱ्याबद्दल लिहिताना. म्हणून काही कोशकार त्याचं मूळ भारतीय असावं असं म्हणतात.

भारतच का, याचं उत्तर मला मद्रासमध्ये दिसतं. मुंबईला बंदर निसर्गानेच दिलेलं. मद्रासचा किल्ला मात्र कंपनीने १६४० च्या सुमारास उघड्या किनाऱ्यावर बांधायला घेतला. जहाजं लांब नांगर टाकायची आणि माणसं, माल, टपाल, सगळं मसुला होड्यांतून फुटत्या लाटा ओलांडत यायचं. या होड्यांच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या असत, त्यामुळे आपटल्या तरी लवायच्या. कोणती लाट जाऊ द्यायची आणि कोणत्या लाटेवर होडी घालायची, हे स्थानिक नावाड्यांना ठाऊक. मोठमोठ्या साहेबांचा जीव त्यांच्या हातात! १८७० च्या दशकात बंदराचं काम सुरू झालं, तोवर दोनशेहून जास्त वर्षं हे असंच चाललं.

याच किनाऱ्यावरच्या ‘कट्टुमरम’चं, म्हणजे बांधलेल्या ओंडक्यांचं, ‘कॅटामरान’ झालं, आणि कोशात त्यापुढे ‘तमिळ’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. सर्फला तसा पुरावा नाही. उलट १५९० च्या दशकात इंग्रजीत ‘सफ’ असं रूप सापडतं. लॉगमध्ये पहिली नोंद जिथे दिसते तिथेच बग जन्मला, असं आम्हीही धरत नाही. तरी एक खरं, की हा शब्द इंग्रजांच्या तोंडी रुळला तो त्या होड्यांमध्ये भिजताना.

मराठीत सर्फला नाम नाही, क्रियापद आहे: लाट फुटते. आपली नामं चंद्राच्या हिशेबाने चालतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. उल्हास नदी खाडीला मिळते, त्यामुळे बदलापूर-उल्हासनगरच्या पावसाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘आज उधाण आहे’ हे अजून वाचायला मिळतं. ‘भांग’ मात्र तिथे लिहा, लोकांना होळी आठवते.