विकिपानावरील टीप व तिचा कालनिर्णय

पोथीच्या समासांत टीप आढळली, म्हणजे ती मूळ लेखकाच्या हातची कीं मागाहून कोणी घातलेली, हा प्रश्न संग्राहकापुढें प्रथम उभा राहतो. शाई, कागद व अक्षरवटिका पाहून त्याचा निर्णय बहुधा करितां येतो. विकिपानावरील टिपेस मात्र हीं साधनें लागू पडत नाहींत. तेथें काय करावें, हें या टिपणांत दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

उदाहरण प्रभादेवीचेंच घेऊं. हें देवीचें नांव, मुंबईंतील वस्तीचें नांव, आणि इ. स. २०१८ च्या जुलैपासून पूर्वींच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाचेंहि नांव. अशा लेखाच्या माथ्यावर 'हा लेख वस्तीविषयीं आहे. स्थानकासाठीं अमुक लेख पाहा' अशी टीप इष्ट ठरते. मराठी विश्वकोशाच्या छापील खंडांतहि 'पहा' असा निर्देश येतो. परंतु १९७६ सालच्या पहिल्या खंडांत जो छापला गेला, तो आज उघडून पाहिला तरी तसाच दिसतो.

मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजीं झाला. तेथें अशा टिपा 'साचा' नामक पानांच्या द्वारें घालीत. पुढें २०१३ सालीं लुआ भाषेंतील आज्ञावली वापरण्याची सोय विकिपीडियांवर झाली. ही भाषा ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथें १९९३ सालीं निर्माण झाली. अशी आज्ञावली ज्या पानावर ठेवितात, त्यास मराठी विकिपीडियावर 'विभाग' म्हणतात. लेखांत केवळ साच्याचें व अभिप्रेत लेखाचें नांव असतें. साचा विभागास पाचारण करितो. आणि अक्षरें तिरपीं असावीं कीं सरळ, 'पाहा' हा शब्द कोठें यावा, हें सर्व विभाग ठरवितो.

आमच्या वैयाकरण वाचकांस ही योजना नवी वाटणार नाहीं. एका जागीं असलेला अधिकार सर्व शास्त्रास कसा उजळतो, हें सांगतांना पतंजलीनें महाभाष्यांत घरांतील दिव्याचा दृष्टांत दिला आहे. विभागाचें तसेंच आहे. तेथें एक दुरुस्ती केली, कीं हजारों पानांवरील टिपा सुधारतात. आणि तेथें एक चूक झाली, कीं त्या सर्व एकदम बिघडतात.

परंतु संशोधकास खरी अडचण याहून निराळी आहे. लेखाच्या इतिहासांतून २०१४ सालची आवृत्ति उघडली, तर लेखाचा मजकूर त्या वेळचा मिळतो. टीप मात्र आजच्या साच्याप्रमाणें व आजच्या विभागाप्रमाणें घडून येते. समजा, विभागांत तेव्हां 'बघा' हा शब्द होता व पुढें 'पाहा' केला; तर जुन्या आवृत्तींतहि 'पाहा' हाच शब्द दिसेल. त्यावरून २०१४ च्या प्रघाताविषयीं अनुमान काढणें म्हणजे नव्या बांधणीवरून पोथीचा काळ ठरविणें होय.

उपाय अवघड नाहीं. साचा व विभाग यांचेहि इतिहास स्वतंत्र जतन केलेले असतात. लेखाची आवृत्ति ज्या दिवसाची, त्या दिवशीं या दोहोंची कोणती आवृत्ति चालू होती, हें ताडून पाहावें, आणि उतारा घेतांना तिन्हींचे आवृत्तिक्रमांक नोंदवावे. एवढें केल्यावांचून विकिपानावरील टिपेचें रूप पुराव्यादाखल देऊं नये, असें आम्हांस वाटतें.