गॅरेजच्या दाराखालची फळी

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी गॅरेजच्या दाराखाली एक दीड इंच जाडीची फळी आडवी ठेवतो आणि बटण दाबतो. दार फळीला टेकलं की लगेच वर गेलं पाहिजे. गेल्या महिन्यात आई इथे अमेरिकेत आमच्याकडे आली, तिने विचारलं, "रोज उघडतंय ना नीट? मग ही कसली पूजा?" तिला सांगितलं तेच इथे लिहितोय.

वर सरकणारं गॅरेजचं दार सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ साली काढलं आणि १९२६ मध्ये त्याला विजेची मोटर जोडली. पुढे रिमोट आला, सोय झाली. पण दाराखाली कोण आहे हे मोटरला कुठून कळणार? दार खाली येताना त्याखालून निसटायचं हा मुलांना खेळच वाटायचा. मार्च १९८२ नंतरच्या साधारण पंधरा वर्षांत अशा दारांखाली अडकून २ ते १४ वयाची सुमारे ६० मुलं गेली, अशी इथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाची नोंद आहे. म्हणजे वर्षाला चार घरं.

१९९० मध्ये कायदा झाला. १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती ओपनरना जास्तीचं संरक्षण सक्तीचं झालं. बहुतेक ठिकाणी ते म्हणजे दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून सहा इंचांच्या आत बसवलेले दोन 'डोळे'. मधला किरण तुटला की दार माघारी फिरतं.

आता आमची गोष्ट. हे घर घेतलं तेव्हा लेक चार वर्षांचा होता. एकदा बल्ब बदलायला शिडीवर चढलो, तर ते दोन्ही डोळे छताजवळ, एकमेकांकडे तोंड करून चिकटपट्टीने बांधलेले! दार मधूनच परत जात असणार, म्हणून आधी कुणीतरी केलेला जुगाड. किरण कधी तुटणारच नाही. शिडीवरच पाय लटपटले. त्याच दिवशी डोळे खाली आणले.

तेव्हापासून हा नेम. फळी झाली की झाडू आडवा धरून डोळे तपासायचे. मग दार बंद असतानाच लाल दोरी ओढून मोटर सोडवायची आणि हाताने अर्ध्यावर उचलायचं. ते तिथेच थांबलं तर तोल बरोबर. खाली घसरलं तर कारागिराला बोलवायचं. स्प्रिंगमध्ये ताण भयंकर असतो, तिला आपण हात लावायचा नाही.

आई काही बोलली नाही. या रविवारी मी जरा लोळत होतो, तर दारातून आवाज आला, "उठ रे, फळी ठेवायची आहे ना?"