टोचनवाल्या जीपचा ताप

मागच्या शनिवारी भिवंडीत धामणकर नाक्यावर आमची गाडी बसली. टोचनला आली एक म्हातारी जीप, आणि शंभर पावलांत तिच्याच बॉनेटमधून वाफ! मेकॅनिक मामांनी बॉनेट उघडलं, पण रेडिएटरच्या कॅपला हात लावला नाही. "आधी निवू द्या साहेब, तोंड भाजेल." बरोबरच. बंद कॅपखाली दाबामुळे पाणी शंभर अंशांना उकळत नाही. कॅप उघडली की दाब जातो आणि सगळं उसळून बाहेर.

तर मंडळी, हे दुखणं जुनं आहे. विलिस जीप १९४१ साली अमेरिकन सैन्यासाठी बनू लागली. इंजिन २.२ लिटर, ६० अश्वशक्ती. १९४७ पासून महिंद्रांनी ती मुंबईत जुळवायला घेतली. पंखा पट्ट्याने इंजिनालाच जोडलेला, म्हणजे इंजिन हळू तर पंखाही हळू. मोकळ्या रस्त्यावर समोरचा वारा सांभाळून घेतो. पण मागे अख्खी मोटार बांधून ट्रकांच्या गर्दीत रांगताना वारा आणायचा कुठून? आजच्या बहुतेक मोटारींत विजेचा पंखा असतो, तो तापमान बघून फिरतो.

रिकामी असताना ही जीप तापतच नाही म्हणे. लोड आल्याशिवाय बग दिसत नाही, दुसरं काय :) काही गॅरेजवाले अशा वेळी थर्मोस्टॅटच काढून टाकतात. त्याने दोष जात नाही, फक्त उशिरा दिसतो. मामांनी तसलं काही केलं नाही. ढिला पट्टा ताणला, रेडिएटरच्या जाळीत बसलेला यंत्रमागाच्या कापसाचा थर ओरबाडून काढला, निवल्यावर पाणी भरलं.

पुढे काटा चढला, पण लाल पट्ट्याच्या अलीकडेच थांबला.