घशाखालचें दार

नाशिक हें नांव शूर्पणखेच्या नासिकेवरून पडलें, अशी लोकश्रुति आहे. पंचवटींत चाललेलें तें शस्त्र क्रोधाचें होतें. त्याच नगरींत १९९८ सालीं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालें व राज्यांतील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयें त्यास जोडलीं गेलीं. इजा न करतां शस्त्रानें आराम कसा द्यावा, हा शस्त्रविद्येचा मूळ प्रश्न. अन्ननलिकेच्या एका रोगाच्या इतिहासांत तो फार स्पष्ट दिसतो.

अन्ननलिका व जठर यांच्या संधीवर स्नायूंचें एक कडें असतें. घास आला कीं तें सैल होतें, घास उतरला कीं पुनः आवळतें. त्यास सैल करणाऱ्या मज्जापेशी नष्ट झाल्या म्हणजे दार मिटलेलेंच राहतें. खाल्लेलें वर येतें, आणि पुढ्यांत भरलें ताट असतां मनुष्य उपाशी राहतो. या विकारास ॲकॅलेशिया म्हणतात.

१६७४ सालीं थॉमस विलिस या इंग्रज वैद्यानें अशा एका रोग्याची हकीगत प्रसिद्ध केली. देवमाशाच्या मुखांतील लवचिक पट्टीस स्पंज बांधून ती घशांतून खालीं लोटावयाची, या उपायावर तो वर्षानुवर्षें जगला. पुढें १४ एप्रिल १९१३ रोजीं जर्मनींत अर्न्स्ट हेलर यानें तें स्नायूंचें कडेंच चिरलें. मात्र आंतील पातळ अस्तर अखंड ठेवावें लागे. तें फाटल्यास अन्न बाहेर झिरपून प्राणावर बेते.

हेलरच्या काळीं याकरितां मोठा छेद घ्यावा लागे. ३१ मे १९९० रोजीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहमटन उदवाडिया यांनीं लहान छिद्रांतून दुर्बिणीनें पित्ताशय काढलें. भारतांतील ही अशी पहिली शस्त्रक्रिया होय. पुढील वर्षीं स्कॉटलंडमधून हेलरची क्रिया याच मार्गानें केल्याचें वृत्त आलें. २००० सालीं अमेरिकेनें दा विंची या यंत्रमानवास परवानगी दिली. तो आपण होऊन कांहींच करीत नाहीं. शस्त्रवैद्य बाजूस बसून मोठें, खोली दाखविणारें चित्र पाहतो. त्याच्या हातांची हालचाल बारीक यंत्रबाहूंकडे जाते व हाताचा कंप गाळला जातो.

२००५ सालीं अमेरिकेंत १२१ रोग्यांची तुलना प्रसिद्ध झाली. साध्या दुर्बिणीच्या क्रियेंत शेंकडा १६ जणांचें अस्तर भेदलें गेलें, यंत्रमानवाच्या क्रियेंत एकाचेंही नाहीं. गिळण्याचा आराम मात्र दोहोंकडे सारखाच, शेंकडा नव्वदांच्या आसपास होता. म्हणजे महागड्या यंत्रानें दिली ती सुरक्षितता. आराम देणारी युक्ति हेलरचीच. २००८ सालीं जपानांत हारुहिरो इनोउए यांनीं तोच छेद तोंडावाटे, पोटावर व्रण न करतां घेतला.

यांपैकीं कोणत्याही उपायानें गेलेल्या मज्जापेशी परत येत नाहींत. दार उघडें होतें. घास मुख्यतः स्वतःच्या भारानें उतरतो. रोग्यास सावकाश चावून, ताठ बसूनच जेवावें लागतें. तरी चार माणसांच्या पंक्तीस निर्भयपणें बसतां येणें, हें उपासानें झिजलेल्या जीवास थोडें नव्हे.