कागदात न मावणारी चवई

आमच्या सावद्यात केळी ट्रकनं मोजतात. आज मात्र बोलूया सह्याद्रीच्या कड्यांवरच्या रानकेळीबद्दल, म्हणजे चवईबद्दल. रॉक्सबर्गनं तिला 'मुसा सुपर्बा' म्हटलं. १९४७ च्या 'क्यू बुलेटिन'मध्ये चीजमननं तिला 'एन्सेट' गटात नेलं.

मुंबईच्या झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम असो की पुण्यातलं भारतीय वनस्पती सर्वेक्षण, नमुन्याचा कागद जेमतेम दीड फुटाचा. चवईचं पान माणसाहून लांब, वर पाणीदार. दाबून वाळवायचं कसं? मग तुकडेच चिकटवायचे आणि बाकी सगळं चिठ्ठीवर लिहायचं: ठिकाण, तारीख, झाडाची उंची, फुलोऱ्याचा रंग. मला तर पानापेक्षा ती चिठ्ठीच मोलाची वाटते. कारण चवईला आपल्या केळीसारखी पिलं फुटत नाहीत, पिलबाग नाहीच! एकदा निसवली, फळं पिकली की संपली. पुढची पिढी निव्वळ बियांवर. कडा फोडून रस्ता काढला, तर तिथं चवई होती याचा पुरावा तेवढी चिठ्ठी.