प्रतिजैविक (संज्ञेचा इतिहास)

प्रतिजैविक : ‘अँटिबायोटिक’ या इंग्रजी संज्ञेचा मराठी पर्याय. मूळ ग्रीक घटकांचे अर्थ ‘विरुद्ध’ व ‘जीवन’. १९४० नंतरच्या दशकात सेल्मन वाक्समन यांनी ही संज्ञा एका सूक्ष्मजीवाने निर्माण केलेल्या व अल्प प्रमाणातही इतर सूक्ष्मजीवांची वाढ रोखणाऱ्या पदार्थापुरती निश्चित केली. पुढे तीत संश्लेषित औषधेही समाविष्ट झाली.

पुण्याजवळील पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ या सरकारी कंपनीने मूळ इंग्रजी शब्दच नावात स्वीकारला. उलट, तेथे शोधल्या गेलेल्या हॅमायसीन या कवकनाशकाचा उत्पादक सूक्ष्मजीव ‘स्ट्रेप्टोमायसीज पिंप्रिना’ ठरला व पिंपरीचे नाव शास्त्रीय परिभाषेत गेले.

इंडोनेशियन भाषेने मूळ ध्वनी राखून ‘अंतिबिओतिक’ हे रूप घेतले; डच वळणाचे ‘अंतिबिओतिका’ हेही आढळते. मराठीने मात्र घटकांचा अर्थानुवाद केला. तथापि दोन्ही पर्यायांतून औषधाची मर्यादा सूचित होत नाही. ही औषधे मुख्यतः जीवाणूंवर परिणामकारक असून सर्दीसारख्या विषाणुजन्य विकारांवर निरुपयोगी ठरतात. त्यांच्या अनाठायी वापराने जीवाणूंमध्ये औषधरोध वाढतो. म्हणून या संज्ञेचा नेमका अर्थ रुग्णासही ठाऊक असणे अगत्याचे आहे.